वारंवार येणारी खाज आणि रक्तातली साखर

केज तालुक्यातील एका गावातून आलेले हे पत्र चार पानी आहे. लिहिणाऱ्या ताईंचे वय ४४ आहे. त्यांचा मजकूर थोडक्यात असा:

"दीड वर्षापासून मला लघवीच्या जागी खाज सुटते, आग होते आणि अंगावरून दह्यासारखे पांढरे जाते. जाऊबाई म्हणतात ही उष्णता आहे, म्हणून सब्जा, जिऱ्याचे पाणी, सगळे करून झाले. मेडिकलमधून ट्यूब आणली की चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा सुरू होते. असे पाच-सहा वेळा झाले. तीन महिन्यांपूर्वी आशाताईंनी आरोग्य केंद्रात नेले तेव्हा शुगर निघाली, उपाशीपोटी २१२ आणि तीन महिन्यांची १०.४. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर खाज कमी झाली होती, पण दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन नावाची गोळी वाढवली आणि त्रास पहिल्यापेक्षा जास्त झाला. मेडिकलवाल्याने खाजेसाठी एकदाच घ्यायची म्हणून फ्लुकोनाझोलची गोळी दिली. त्या दिवशी संकष्टी होती. संध्याकाळी मला दरदरून घाम फुटला आणि हातपाय थरथरू लागले. अशक्तपणा असेल म्हणून सोडून दिले. मालकांनाही त्या जागी चिरा पडल्या आहेत, पण ते तपासायला तयार नाहीत. एका दवाखान्यात सांगितले की गर्भपिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. हा गुप्तरोग आहे का? मालकांकडून आला का? पिशवी काढावी का? लेक पाच महिन्यांची गरोदर आहे, तिलाही खाज सुटते असे ती फोनवर म्हणाली. माझ्यामुळे तिला झाले का?"

ताई, आधी उत्तर सांगते आणि मग कारणे. तुम्ही लिहिलेली लक्षणे बहुतेक योनीमार्गातील बुरशीच्या संसर्गाची आहेत, तो परत परत येण्यामागे रक्तातली वाढलेली साखर आहे, याला गुप्तरोग म्हणत नाहीत, आणि यासाठी गर्भपिशवी काढण्याचे काहीही कारण नाही. 'बहुतेक' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण पत्रावरून निदान पक्के होत नाही. त्यासाठी तपासावे लागते, आणि ती तपासणी कशी असते हेही पुढे लिहिते.

ही बुरशी म्हणजे भिंतीला ओल धरल्यावर दिसणारी काळी बुरशी नव्हे. ती यीस्ट या प्रकारातली आहे आणि तिचे नाव कॅन्डिडा. बेकरीत पाव फुगवण्यासाठी जे यीस्ट वापरतात, त्याचीच ती दूरची नातलग. कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून त्यात बेकरीतले यीस्ट टाकले, की दहा मिनिटांत त्यावर फेस चढतो, आणि हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना साखर आणि यीस्ट यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कॅन्डिडा थोड्या प्रमाणात कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनीमार्गात असतेच. तिथे राहणारे चांगले जिवाणू आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला मर्यादेत ठेवतात, म्हणून ती वर्षानुवर्षे गप्प असते. आयुष्यात एकदा तरी हा त्रास होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण चारांत तीन इतके मोठे आहे. तेव्हा तो झाला यात लाज वाटण्यासारखे काही नाही. एखाद्या वेळी होऊन जाणे सर्वसाधारण आहे, पण वर्षात तीन किंवा अधिक वेळा झाला, तर त्यामागचे कारण शोधलेच पाहिजे.

मधुमेहात हे कारण दोन बाजूंनी तयार होते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी अडवता येत नाही आणि ती लघवीतून बाहेर पडू लागते. 'मधुमेह' हे नावच मुळी त्यावरून पडले आहे, आणि अशा लघवीकडे मुंग्या धावतात हे आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनीही नोंदवून ठेवले आहे. तुमची तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी (एचबीए१सी) १०.४ होती, म्हणजे त्या काळात तुमच्या रक्तातली साखर सरासरी २५० च्या आसपास होती. याचा अर्थ दिवसातला बहुतेक वेळ लघवीतून साखर जात होती, तिचा ओलावा त्या नाजूक जागेच्या कातडीवर राहत होता, आणि योनीमार्गातल्या स्रावातही साखरेचे प्रमाण वाढलेले होते. बुरशीला खायला मिळाले ते असे. दुसरीकडे, साखर सतत वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशी मंदावतात. संसर्गाच्या जागी त्या वेळेवर पोहोचत नाहीत, आणि पोहोचल्या तरी बुरशीला गिळून मारण्याची त्यांची ताकद कमी पडते. शेतात खत भरपूर आणि खुरपणी बंद, अशी ही अवस्था आहे.

तुमच्या पत्रातले दोन आकडे मी पुन्हा पुन्हा शेजारी ठेवून पाहिले. खाज दीड वर्षापासून आहे आणि शुगर निघाली तीन महिन्यांपूर्वी. १०.४ हा आकडा आठवड्याभरात तयार होत नाही, तेव्हा खाज सुरू झाली त्या वेळी तुम्हाला मधुमेह होताच असे मानायला पुष्कळ जागा आहे. या काळात पाच-सहा ट्यूबा तुमच्या हातात पडल्या, पण बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त कुणी पाहिले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. माझ्या टेबलावर बायका पदराआडच्या पिशवीतून अशा ट्यूबा काढून ठेवतात, तळापासून गुंडाळत आणलेल्या, टोपण हरवलेल्या, कधी तीन कंपन्यांच्या तीन, आणि त्या पाहिल्या की पहिला प्रश्न मी शुगरचा विचारते. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटी ६० लाख आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांना आपल्याला शुगर आहे हे ठाऊक नसते. खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे ही लक्षणे पुस्तकात पहिली असली, तरी बाईमाणसाच्या बाबतीत न जाणारी खाज हीच कधी कधी पहिली खूण असते, आणि नेमकी तीच गोष्ट ती कुणाला सांगत नाही.

आता नव्या गोळीविषयी. तुमचे निरीक्षण अचूक आहे. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि त्यांच्या जोडगोळ्या, त्या मूत्रपिंडांना साखर परत घेऊ देत नाहीत आणि ती लघवीवाटे बाहेर काढतात. मधुमेही माणसात अशा गोळीने दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतून जाते, म्हणजे चहाचे बारा ते सोळा चमचे. रक्तातली साखर उतरते, पण लघवीतली वाढते, आणि म्हणूनच जननेंद्रियाच्या जागी बुरशी होणे हा या गोळ्यांचा सर्वांत ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. २०२० च्या अखेरीस डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर ती आपल्याकडे स्वस्त झाली आणि तालुक्याच्या गावीही सर्रास लिहिली जाऊ लागली. हे चांगलेच झाले, कारण हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठी या गोळ्या खरोखर गुणकारी आहेत. पण गोळी देताना हा दुष्परिणाम दोन वाक्यांत सांगायला हवा होता, आणि तुम्हाला आधीपासून खाजेचा त्रास होता हे विचारायलाही हवे होते. तुम्ही कदाचित संकोचाने सांगितले नसेल. यात तुमचा दोष नाही, विचारण्याचे काम डॉक्टरांचे असते.

म्हणून येत्या आठवड्यातच त्या डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा की ही गोळी सुरू झाल्यापासून बुरशीचा त्रास वाढला आहे. ती थांबवायची, बदलायची, की बुरशीचा नीट उपचार करून चालू ठेवायची, हे तुमचे हृदय, मूत्रपिंड आणि साखरेचे आकडे पाहून ते ठरवतील. गोळी परस्पर बंद करू नका. फक्त एका स्थितीत डॉक्टरांच्या भेटीची वाट पाहायची नाही. त्या जागी किंवा गुदद्वाराच्या आसपास खूप दुखू लागले, सूज आणि लाली आली आणि सोबत ताप असेल, तर रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठा. या गोळ्यांवर असताना क्वचित होणाऱ्या एका भयंकर संसर्गाचा इशारा २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने दिला होता. तो अगदी विरळा आहे, पण त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो.

तुम्ही अशक्तपणा म्हणून सोडून दिलेल्या त्या संकष्टीच्या संध्याकाळकडे मी जास्त गंभीरपणे पाहते. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे चांगले औषध आहे, परंतु ते यकृतात ग्लिमेपिराइडचा निचरा मंदावते. त्यामुळे ग्लिमेपिराइड शरीरात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहते आणि साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. त्यात तुम्ही दिवसभर उपाशी होता आणि सकाळची शुगरची गोळी बहुधा घेतलेली होती. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. पुन्हा असे झाले तर ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि सावरल्यावर भाकरी खा. उपवास असला तरी मोडा. तुळजाभवानी किंवा योगेश्वरी अशा वेळी मोडलेल्या उपवासाचा राग धरणार नाही, अशी माझी श्रद्धा आहे. मेडिकलच्या काउंटरवर तुम्ही फक्त खाजेचे सांगितले आणि शुगरच्या गोळ्यांचे कुणी विचारले नाही. यापुढे कुठलेही औषध घेताना चालू गोळ्यांची पाने सोबत न्या आणि समोर ठेवा.

उपवासाचा विषय निघालाच आहे तर नवरात्राबद्दलही लिहिते, कारण आपल्या भागात नऊ दिवस धरणाऱ्या बायका घरोघर आहेत. ग्लिफ्लोझिन चालू असताना दीर्घ उपवास केला, किंवा उलट्या-जुलाबांनी जेवण बंद पडले, तर रक्तात आम्ल साचू शकते, आणि फसवे असे की त्या वेळी साखरेचा आकडा फार वाढलेला दिसेलच असे नाही. म्हणून उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसांपुरत्या गोळ्या बदलून घ्यायच्या असतात. नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपवास तर दुसऱ्या टोकाचा, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि तो साखर झपाट्याने वर नेतो.

आता ट्यूबांकडे वळते. तुम्ही नावे लिहिली नाहीत, पण चार दिवसांत आराम आणि मग पुन्हा तेच, या वर्णनावरून मला शंका येते की त्यांत स्टिरॉइड असावे. आपल्याकडे एकाच ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असे स्टिरॉइड मिसळून विकले जाते, आणि नायट्यापासून घामोळ्यापर्यंत सगळ्याला तीच दिली जाते. स्टिरॉइड खाज दाबते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात त्या जागेची रोगाशी लढण्याची ताकद त्याने आणखी घटते, कातडी पातळ होते, आग होऊ लागते आणि बुरशी खोलवर पसरते. घरात उरलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरे लेकीकडून फोटो मोठा करून वाचून घ्या. त्यात वरीलपैकी एखादे नाव दिसले तर ती ट्यूब बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

योग्य उपचार साधा आहे, पण तो पुरेसे दिवस करावा लागतो. निरोगी बाईला एक दिवसाची किंवा तीन दिवसांची औषधयोजना पुरते. साखर आटोक्यात नसलेल्या बाईला ती पुरत नाही. तिला योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलसारख्या गोळ्या किंवा क्रीम ७ ते १४ दिवस वापरावे लागते. तुमचा एकदाचा उपचार फसला तो औषध वाईट होते म्हणून नव्हे, मात्रा तुमच्यासाठी अपुरी होती म्हणून. संसर्ग वारंवार होत असेल तर आधी तो पूर्ण घालवून नंतर ६ महिने आठवड्यातून एकदा फ्लुकोनाझोल देण्याचीही पद्धत आहे, पण तुम्ही ग्लिमेपिराइडवर आहात, तेव्हा हे फक्त तुमच्या गोळ्या माहीत असलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचे. आणि एवढे करूनही आराम पडला नाही, तर स्रावाचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात ओळखण्याची तपासणी, करावे लागते, कारण मधुमेही स्त्रियांत ग्लॅब्राटा नावाची दुसरी जात अधिक आढळते आणि नेहमीच्या गोळ्यांना ती फारशी दाद देत नाही.

हे सगळे सुरू करण्यापूर्वी एकदा तपासणी झालीच पाहिजे, कारण अंगावरून जाणारे प्रत्येक पांढरे बुरशीचे नसते. स्रावाला माशासारखा वास येत असेल तर तो जिवाणूंचा प्रकार असतो, पिवळसर-हिरवट फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीचा विचार करावा लागतो, आणि त्या दोन्हींची औषधे बुरशीच्या औषधांहून वेगळी आहेत. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत येणारा पातळ, पारदर्शक स्राव तर आजारच नव्हे. तपासणीत डॉक्टर एका उपकरणाने आत पाहतात, स्रावाची आम्लता कागदाच्या पट्टीवर बघतात आणि काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पाच-सात मिनिटांचे काम आहे, दुखत नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्यापासून लांब नाही, तिथे स्त्रीरोग विभागात ही सोय आहे. साखरेची तपासणी आणि गोळ्या तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

गर्भपिशवीबद्दल मला थोडे ठामपणे लिहू द्या. कॅन्डिडाचा संसर्ग योनीमार्गाच्या आणि बाहेरच्या कातडीत असतो, गर्भाशयात नसतो. पिशवी काढली तरी योनीमार्ग तसाच राहतो, लघवीतली साखर तशीच राहते आणि खाजही तशीच राहते. उलट साखर एवढी असताना शस्त्रक्रिया केली तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो, आणि सोबत अंडाशयही काढले गेले तर पाळी एकाएकी बंद होऊन त्या जागेचा कोरडेपणा आणि जळजळ आयुष्याला चिकटते. आपल्या बीड जिल्ह्याने हे दुःख फार मोठ्या प्रमाणावर भोगले आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणी अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते एवढीच तक्रार घेऊन गेल्या होत्या आणि कॅन्सरच्या भीतीने सही करून बसल्या. बुरशीने गर्भाशयाचा कॅन्सर होत नाही. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी करायची असते, ती ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईने अशीही करून घ्यायची असते आणि सरकारी केंद्रात होते. तुम्हाला शस्त्रक्रिया सुचवणाऱ्यांनी ती केली का, सोनोग्राफीत नेमके काय निघाले, हे कागदावर लिहून मागा आणि तो कागद वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. तोवर कुठेही सही करू नका.

मालकांविषयी तुमच्या मनात जी शंका आहे ती काढून टाका. ही बुरशी त्यांच्या किंवा तुमच्या वागण्याची खूण नाही. लग्न न झालेल्या मुलींना होते, वृद्ध विधवा बायकांनाही होते. संबंधांतून ती क्वचित इकडून तिकडे जाते, पण मूळ ती स्वतःच्याच शरीरातली असते, आणि म्हणून नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषधही लागत नाही. तुमच्या मालकांना मात्र त्रास आहे. पुढच्या कातडीला चिरा पडणे, ती लाल होऊन मागे सरकेनाशी होणे हे मध्यमवयीन पुरुषात दिसले की मी त्याची शुगर तपासल्याशिवाय त्याला मलम लिहून देत नाही. पुरुषांत मधुमेहाची ही पहिली खूण असल्याचे कित्येकदा आढळते. 'मला काय झालंय' असे ते म्हणतील. त्या वेळी वाद घालू नका. तुमची पुढची रक्ततपासणी असेल त्या दिवशी त्यांना सोबतीला म्हणून न्या आणि आरोग्य केंद्रात गेल्यावर सिस्टरना सांगून त्यांचेही रक्त घ्यायला लावा. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तिथे तपासणी करतातच, त्यामुळे त्यांना वेगळे काढल्यासारखे वाटणार नाही. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह समजतात, आणि निदान पक्के करायला ती साधारणपणे पुन्हा एकदा पाहतात.

रोजच्या सवयींबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांत तुमची चूक शोधत बसावे अशी माझी इच्छा नाही. त्या जागी जंतुनाशक द्रव, तुरटीचे पाणी, लसूण, दही, काहीही आत घालू नका. बाहेरून साधे पाणी पुरे, आणि उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढताना तांब्याभर पाणीही पुरते, फक्त नंतर सुती फडक्याने टिपून कोरडे करा. आतले कपडे साडीखाली लपवून सावलीत वाळत घालण्याची जी रीत आहे ती सोडून गच्चीवर उन्हात वाळवा. स्तनांखाली, जांघेत, परकराच्या नाडीखाली किंवा बोटांच्या बेचक्यांत ओलसर लाली दिसली तर तीही डॉक्टरांना दाखवा, कारण साखर वाढलेली असताना हीच बुरशी तिथेही बसते. भाकरी चांगली, पण ज्वारी म्हणजे शुगरला मोकळीक असा समज करून चार-चार भाकरी खाऊ नका. दिवसातले चार कप गोड चहा आधी कमी करा. एके काळी अनेकांच्या तोंडी असलेल्या, कोविडनंतरच्या 'काळ्या बुरशी'ची भीती तुमच्या मनात असेल तर ती घेऊ नका. २०२१ मध्ये तिनेही वाढलेल्या साखरेचाच फायदा घेतला होता हे खरे, पण ती बुरशी पूर्णपणे वेगळी आहे आणि कॅन्डिडापासून ती होत नाही.

राहिली लेक. तुमच्यामुळे तिला काही झालेले नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे योनीमार्गात बुरशीला पोषक स्थिती तयार होते आणि शुगर नसलेल्या गरोदर बायकांनाही हा त्रास पुष्कळ होतो. पण आईला मधुमेह असला की मुलीला गरोदरपणात साखर वाढण्याचा धोका अधिक असतो, म्हणून तिला दोन गोष्टी आजच फोन करून सांगा. खाजेसाठी पोटात घ्यायची फ्लुकोनाझोलची गोळी तिने कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नये. गरोदरपणात योनीत ठेवायचे औषध ७ दिवस वापरतात आणि तेही तपासून लिहून दिलेले. दुसरे म्हणजे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त बघतात ती तपासणी झाली आहे का हे विचारा. नाव नोंदवताना झाली असली तरी ती २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची असते, म्हणजे तिची वेळ आता जवळ आली आहे. दोन तासांचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर घाबरायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचे. आणि तिने 'तुला कसे माहीत' असे विचारले, तर तुमचे स्वतःचे दीड वर्ष तिला सांगा.